कॅनडाची स्पाउस स्पॉन्सरशिप: अर्ज गेल्यानंतर चूक सापडली तर

प्रश्न थोडक्यात असा. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला, एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या मार्गाने, पीआर (कायमचा रहिवासी) झालेला. बायको पुण्यात. तिला बोलावण्यासाठी फॅमिली क्लासमधून (कुटुंब प्रवर्ग), म्हणजे सहसा जोडीदार कॅनडाबाहेर असताना करतात आणि ज्याला सगळे ‘आउटलँड’ म्हणतात तसा, अर्ज कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, पोर्टलवरून गेला आणि एओआर, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, तीही आली. मग निवांत बसून कागद पुन्हा वाचताना चार गोष्टी सापडल्या. पहिल्या भेटीची तारीख आयएमएम ५५३२ मध्ये, म्हणजे नात्याच्या माहितीच्या फॉर्ममध्ये, एक आणि सोबतच्या पत्रात दुसरी आहे. बायकोचं माहेरचं नाव ‘इतर नावं’ या रकान्यात लिहायचं राहिलंय. नवऱ्याच्या ऑप्शन सी प्रिंटआउटवर, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याच्या कागदावर, तो अजून ‘सिंगल’ दिसतोय. आणि बायकोला काही वर्षांपूर्वी अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला होता, तरी ‘कॅनडाने किंवा इतर कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर गेलंय. फॉर्म भरून देणारा एजंट म्हणतो, राहू द्या, कोण बघतंय. पोर्टल आता काही बदलू देत नाही. अर्ज मागे घेऊन नव्याने भरायचा, की पत्र पाठवायचं?

मागे घेऊ नका. पत्र पाठवा, चारही गोष्टींचं मिळून एकच, आणि याच आठवड्यात. एजंटचा सल्ला सोडून द्या.

आता कारणं. या चार चुका एका वजनाच्या नाहीत आणि सगळ्यांना सारखं घाबरण्यात अर्थ नाही. भेटीची तारीख आणि माहेरचं नाव या फाइल नीट लावण्याच्या गोष्टी आहेत. ‘सिंगल’ ही विसंगती आहे, ती दुसऱ्या खात्यात जाऊन निस्तरावी लागते. व्हिसा नकाराचं उत्तर मात्र थेट कायद्याच्या कलमात बसतं. इमिग्रेशन अँड रेफ्यूजी प्रोटेक्शन अ‍ॅक्टचं कलम ४० सांगतं की महत्त्वाच्या बाबीत चुकीची माहिती दिली किंवा माहिती दडवली, आणि त्यामुळे कायद्याच्या अंमलबजावणीत चूक झाली किंवा होऊ शकली असती, तर ती व्यक्ती पाच वर्षं कॅनडासाठी अपात्र. त्या पाच वर्षांत पीआरचा नवा अर्जही करता येत नाही. ‘होऊ शकली असती’ हे शब्द नीट वाचा. फसवायचा हेतू होता की नव्हता हा त्यातला मुख्य मुद्दाच नाही. प्रामाणिक चूक म्हणून सवलत मिळते, पण फार अरुंद: ती माहिती आपल्याला ठाऊकच नव्हती आणि ठाऊक असण्यासारखी नव्हती, इतपत दाखवता आलं तर. स्वतः मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन नकाराचा कागद हातात घेऊन आलेल्या माणसाला ‘ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

आणि ‘कोण बघतंय’ याचं उत्तर: यंत्रणा बघते. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात व्हिसा अर्जदारांच्या माहितीची देवाणघेवाण चालते, बोटांच्या ठशांवरून. बायकोने अमेरिकेच्या अर्जासाठी ठसे दिलेत, आता कॅनडासाठी देईल. जुळणी झाली की अधिकाऱ्यासमोर जुना नकार येतो. त्या क्षणी तुमचं पत्र आधीच फाइलमध्ये असलं तर तो वाचतो की अर्जदाराने आपणहून सांगितलं. नसलं तर प्रोसिजरल फेअरनेस लेटर, म्हणजे शंका मांडून उत्तर मागणारं पत्र, निघतं आणि त्यानंतर दिलेलं कुठलंही स्पष्टीकरण पकडल्यावर दिलेलं ठरतं. आपणहून सांगितल्याने कलम ४० लागणारच नाही अशी हमी कोणी देऊ नये, पण दोन्ही परिस्थितींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मुळात अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला जाणं हे बायकोच्या स्पॉन्सरशिपला फारसं आड येत नाही. खरं उत्तर ‘होय’ दिलं असतं तर दोन ओळींत विषय संपला असता. आता निरुपद्रवी गोष्ट दडवल्यामुळे ती धोकादायक झाली आहे.

एजंटने लिहिलं, आम्ही फक्त सही केली, हा बचाव चालत नाही. अर्जावर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. दुसरं, पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाबाबत सल्ला द्यायला कायद्याने तीनच प्रकारच्या लोकांना परवानगी आहे: कॅनडातल्या लॉ सोसायटीचे सदस्य, क्यूबेकचे नोटरी, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक. तुमचा एजंट यांपैकी असेल तर त्याच्या प्रतिनिधित्वाचा फॉर्म, आयएमएम ५४७६, फाइलमध्ये हवा. फॉर्म जोडलेला नसेल, तर एजंट पडद्याआडून काम करतोय, आणि पोर्टलच्या खात्याचा पासवर्ड व ईमेल त्याच्याच हातात आहे का हे आजच तपासा. आयआरसीसीचं पत्र त्याच्या मेलबॉक्समध्ये पडून राहिलं आणि मुदत उलटली, असं होणं अगदी सहज शक्य असतं.

पत्र कसं पाठवायचं ते आता नीट सांगतो. पोर्टलवर ‘सबमिट’ दाबल्यावर त्यातले फॉर्म, म्हणजे ०००८ (मूळ अर्ज), ५६६९ (शेड्यूल ए, पूर्वेतिहास) आणि ५४०६ (कुटुंबाची माहिती), कुलूपबंद होतात. पुढचा रस्ता आयआरसीसीचा वेबफॉर्म. त्यात अर्ज क्रमांक, यूसीआय (आयआरसीसीने त्या व्यक्तीला दिलेला क्रमांक), नाव, जन्मतारीख एओआरवर आहेत तशीच टाका. एका अक्षराचा फरक पडला तर पत्र फाइलला जोडलं न जाता भटकतं. बायकोच्या फाइलबद्दल लिहिताना बायकोचा यूसीआय द्यायचा आणि सोबत प्रायोजकाचा, म्हणजे नवऱ्याचाही, लिहायचा. वेबफॉर्म पाठवल्यावर आपोआप येणारी पोच जपून ठेवा, तारखेसकट. पुढेमागे ‘आम्ही कळवलं होतं’ याचा तोच पुरावा.

पत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, एक पान, फार तर दीड. वर दोघांची नावं आणि क्रमांक. मग प्रत्येक चुकीला एक परिच्छेद आणि त्यात चारच गोष्टी: कुठल्या फॉर्ममधला कुठला प्रश्न, काय उत्तर दिलं, बरोबर उत्तर काय, आणि चूक कशी झाली. व्हिसा नकाराचा परिच्छेद साधारण असा जाईल: ‘शेड्यूल ए, पूर्वीच्या नकारांबद्दलचा प्रश्न. दिलेलं उत्तर: नाही. बरोबर उत्तर: होय. अमुक महिन्यात मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत बी-२ व्हिसासाठी अर्ज केला होता, तो अमेरिकी कायद्याच्या कलम २१४(बी) खाली नाकारला गेला. त्यानंतर अमेरिकेसाठी दुसरा अर्ज केलेला नाही. उत्तर चुकीचं गेलं याला मी जबाबदार आहे. फॉर्म दुसऱ्या व्यक्तीने भरला आणि मी तो पुरता तपासला नाही. नकाराचं पत्र सोबत जोडलं आहे.’ बास. इथे ‘प्रश्न फक्त कॅनडाबद्दल आहे असं वाटलं’ हे कारण खरं असेल तरच लिहा. प्रश्नात ‘इतर कुठल्याही देशाने’ असं स्पष्ट छापलेलं आहे, त्यामुळे हे कारण वाचणाऱ्याला आधीच ओळखीचं आणि नावडतं आहे. नकाराचं पत्र हरवलं असेल तर पासपोर्टवरचा शिक्का, अर्जाच्या पोचेचं ईमेल, काहीतरी द्या. काहीच नसेल तर तसं लिहा.

शेवटी दोघांच्या सह्या आणि तारीख. सोबत जो फॉर्म चुकला त्याची दुरुस्त प्रत. ५५३२ आणि १३४४ (प्रायोजकत्वाचा अर्ज) या पीडीएफ आहेत, त्यामुळे त्या नव्याने भरून, सह्या करून जोडता येतात. जुन्या फॉर्मवर पेनाने खाडाखोड करून स्कॅन करू नका. आणखी एक, दुरुस्त प्रत पाठवताना बाकीची उत्तरं मूळ फॉर्मशी शब्दशः ताडून बघा. लोक नव्याने भरायला घेतात, पत्ता जरा वेगळा लिहितात, नोकरीची तारीख आठवणीतून टाकतात, आणि एका चुकीच्या जागी तीन नव्या होतात.

सर्वांत जास्त नुकसान तुकड्यातुकड्यांत दुरुस्ती पाठवण्याने होतं. सोमवारी एक वेबफॉर्म, गुरुवारी दुसरा, पुढच्या आठवड्यात ‘आधीच्या पत्रात चूक होती’ असा तिसरा. अधिकारी या सगळ्या नोंदी एकत्र वाचतो तेव्हा त्याला सतत बदलणारी गोष्ट दिसते. म्हणून पत्र पाठवण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि दोघांनी व्हिडिओ कॉलवर संपूर्ण अर्ज, पहिल्या पानापासून, मोठ्याने वाचा. चार चुका सापडल्या आहेत म्हणजे पाचवी असण्याची शक्यता चांगलीच आहे. बायकोने किंवा नवऱ्याने पूर्वी कॅनडासाठी केलेला कुठलाही अर्ज, स्टुडंट व्हिसा, व्हिजिटर व्हिसा, एक्सप्रेस एन्ट्री, शेजारी ठेवा. आयआरसीसीच्या जीसीएमएस प्रणालीत ते सगळं आहे आणि अधिकारी ताडून बघतो.

या वाचनात काय हुडकायचं ते सांगतो.

नावं. आपल्याकडे हा घोळ सर्वांत जास्त, कारण मधलं नाव. लग्नाआधीच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या जागी मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं, लग्नानंतरच्या पासपोर्टवर तिथेच नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. म्हणजे एकाच व्यक्तीची तीन-चार रूपं: दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. नियम सरळ आहे. मुख्य नाव आताच्या पासपोर्टवर जसं आहे तसं, आडनावाच्या जागी आडनाव, बाकी सगळं दिलेल्या नावाच्या जागी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर सगळी नावं आडनावाच्या रकान्यात जातात आणि दिलेल्या नावाची जागा रिकामी राहते. उरलेलं प्रत्येक नाव, माहेरचं, लग्नात ठेवलेलं, स्पेलिंग वेगळं असलेलं, ‘इतर नावं’ या प्रश्नात. पत्रात नावांचा छोटा तक्ता द्या: नाव, कुठल्या कागदावर आहे, कधीपासून कधीपर्यंत वापरलं. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर त्याची प्रत. नसेल तर ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या.

विवाह प्रमाणपत्रातच चूक असेल, जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग, तर आयआरसीसीला समजावण्याआधी ज्या विवाह निबंधकाने दिलं त्याच्याकडून दुरुस्त करून आणा; शहरात महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, गावात ग्रामपंचायत. स्पष्टीकरणाच्या पत्राने भारतातला मूळ दस्तऐवज सुधारत नाही. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर अर्ज केल्याची पोच आधी पाठवा. मराठीत असलेला प्रत्येक कागद भाषांतरासह हवा, आणि कागद इंग्रजीत पण शिक्का मराठीत असला तर शिक्क्याचंही भाषांतर. ते घरच्यांनी करून चालत नाही, मग घरात कोणी भाषांतरकार असला तरी. अधिकृत भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं.

तारखा. भेटीच्या तारखेबाबत तुमची चूक साधी दिसते, पण ५५३२ हाच फॉर्म नातं खरं आहे का हे पाहण्यासाठी वाचला जातो, म्हणून एक वाक्य जास्त लिहा. ठरवून केलेल्या लग्नांत ‘पहिली भेट’ म्हणजे नेमकी कोणती, यावर नवरा-बायकोचं उत्तर वेगळं येतं. त्याच्या मते व्हिडिओ कॉलवर बोललो तो दिवस, तिच्या मते कांदेपोह्यांना घरी आले तो. फॉर्म प्रत्यक्ष भेट विचारतो. मग पत्रात स्वच्छ लिहा: स्थळ अमुक महिन्यात नातेवाइकांकडून किंवा विवाह संकेतस्थळावरून आलं, फोनवर बोलणं अमुक तारखेला सुरू झालं, प्रत्यक्ष भेट अमुक तारखेला पुण्यात, साखरपुडा अमुक, लग्न अमुक, नोंदणी अमुक. पासपोर्टवरच्या भारतात आल्याच्या शिक्क्याशी या तारखा जुळायला हव्यात. नवरा ब्रॅम्प्टनला असताना पुण्यात बघण्याचा कार्यक्रम झाला असं कागदावर दिसलं तर पुढचं सांगायला नको.

लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख यांची गल्लतही नेहमीची. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालच्या प्रमाणपत्रावर दोन्ही असतात. विधी करून लग्न झालं आणि नंतर नोंदवलं, तर लग्नाची तारीख विधीची. पण आधी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करून ठेवलं आणि चार महिन्यांनी हॉल घेऊन ‘खरं’ लग्न लावलं, तर कायद्याने लग्न रजिस्टरच्या दिवशीच झालं. पत्रिकेवरची तारीख लिहून चालणार नाही.

आणि इथेच तुमच्यासारख्या एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांनी थांबून एक गोष्ट तपासायची आहे, कारण ही चूक कुठल्याच पत्राने दुरुस्त होत नाही. कायदेशीर लग्नाची तारीख तुमच्या लँडिंगच्या, म्हणजे पीआर झाल्याच्या तारखेच्या आधीची आहे का? व्हिसाच्या कामासाठी म्हणून गुपचूप रजिस्टर लग्न उरकलं, मग पीआर मिळाला, लँडिंगला ‘सिंगल’ सांगितलं, आणि वर्षभराने वाजतगाजत लग्न करून स्पॉन्सरशिप टाकली, अशी ही साखळी असते. इमिग्रेशनच्या नियमावलीतला ११७(९)(डी) म्हणतो की प्रायोजकाने स्वतःच्या पीआरच्या वेळी ज्या जोडीदाराला जाहीर केलं नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, तो फॅमिली क्लासमध्ये बसतच नाही. आणि ‘पीआरच्या वेळी’ यात अर्ज भरल्यापासून लँडिंगपर्यंतचा सगळा काळ धरला जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने यातून एक सवलतीचं धोरण काढलं, पण ते निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी आणि स्वतः कुटुंब प्रवर्गातून स्पॉन्सर होऊन आलेल्यांसाठी. एक्सप्रेस एन्ट्रीवाला त्यात येत नाही. त्याला इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५ खाली मानवतेच्या आधारावर विनंती करावी लागते, आणि स्वतःच्या पीआरवरही प्रश्न उभा राहू शकतो. असं काही निघालं तर वेबफॉर्म पाठवण्याआधी कॅनडातला इमिग्रेशन वकील गाठा. ही एकच जागा आहे जिथे मी ‘आधी पत्र पाठवा’ म्हणणार नाही.

दहा वर्षांचा इतिहास. ५६६९ मध्ये महिन्या-महिन्याचा हिशेब लागतो, नोकरीचाही आणि पत्त्यांचाही, आणि मध्ये भोक चालत नाही. नोकरी सोडून घरी होती, परीक्षेची तयारी करत होती, सासूबाईंच्या आजारपणात गावी होती, हे सगळं ‘बेरोजगार’ किंवा ‘गृहिणी’ म्हणून तारखांसह लिहायचं. दोन महिन्यांचं भोक दिसलं की विचारणा येते आणि फाइल तेवढी मागे पडते. धोका मोठा नाही, वेळ जातो.

पोलिस क्लिअरन्स. भारताचा पीसीसी पासपोर्ट कार्यालयाचाच लागतो. स्थानिक पोलिस ठाण्याचा किंवा आयुक्तालयाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लावला असेल तर तो चालणार नाही; विचारणा यायची वाट न पाहता पासपोर्ट सेवेतून काढायला टाका. सध्या राहत असलेल्या देशाचा पीसीसी अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतला हवा. गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठरानंतर, दुबईत किंवा सिंगापूरला सलग सहा महिने राहणं झालं असेल तर तिथलाही लागतो, आणि हा हमखास विसरला जातो.

आता ‘सिंगल’ची गोष्ट. ऑप्शन सी हे कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीचं, म्हणजे सीआरएचं, कागद. लग्न झाल्याचं सीआरएला लग्नाच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचं असतं, बायको कॅनडात नसली तरी. बरेच जण ‘ती इथे आली की सांगू’ म्हणून ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे काही जण रिटर्न भरताना ‘सेपरेटेड’ निवडतात, कारण दोघं वेगवेगळ्या देशांत राहतात. सीआरएच्या लेखी सेपरेटेड म्हणजे संबंध तुटल्यामुळे नव्वद दिवस किंवा जास्त काळ वेगळं राहणं. एकीकडे आमचं नातं घट्ट आहे म्हणून अर्ज आणि दुसरीकडे सरकारदरबारी संबंध तुटल्याची नोंद, हे एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी लागतं. सीआरएच्या माय अकाउंटमधून किंवा आरसी६५ फॉर्मने वैवाहिक स्थिती बदला, ज्या वर्षाचं रिटर्न चुकलं ते दुरुस्त करा, आणि बदल झाल्याची नोंद पत्रासोबत जोडा. लग्न त्या करवर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर झालं असेल तर ‘सिंगल’ बरोबरच आहे, तेव्हा एक ओळ स्पष्टीकरण पुरेसं.

१३४४ मध्ये एक प्रश्न असा आहे की जो चुकीचा भरला तर दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. प्रायोजक अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे न्यायचा? ‘मागे घ्यायचा’ निवडलं तर प्रायोजकत्वाची फी वगळून बाकी पैसे परत मिळतात, पण नकाराचा निर्णयच होत नाही, आणि निर्णय नाही म्हणजे अपीलही नाही. ‘पुढे न्यायचा’ निवडलं तर पैसे जातात, पण अपिलाचा हक्क शाबूत राहतो. बहुतेक लोक पैसे वाचतील म्हणून पहिलं निवडतात. पात्रतेबद्दल जराही शंका असेल, पूर्वी कुणाला स्पॉन्सर केलं होतं, दिवाळखोरी झाली होती, अपंगत्व सोडून इतर कारणाने सरकारी भत्ता घेतला होता, तर दुसरं निवडणं शहाणपणाचं. सरळ, स्वच्छ प्रकरणात पहिल्याने बिघडत नाही.

तुम्ही पीआर आहात, नागरिक नाही, म्हणून आणखी एक: पीआर प्रायोजकाने अर्ज चालू असताना कॅनडातच राहायला हवं. लग्नानंतर सहा-आठ महिने पुण्यात राहून तिथून काम केलं असेल तर ‘पत्ता ब्रॅम्प्टन’ ही ओळ खोटी ठरू शकते. सुट्टीला जाऊन येण्याने काही होत नाही. नागरिक परदेशात राहून अर्ज करू शकतो, पण बायकोला पीआर मिळाल्यावर कॅनडात राहायला येणार हे दाखवावं लागतं.

पुरावे कमी पडलेत असं वाटून दोनशे पानं व्हॉट्सअ‍ॅप पाठवायचा मोह होईल. चेकलिस्ट, म्हणजे ५५३३, संभाषणाला दहा पानं आणि फोटोंना वीस ही मर्यादा सांगते. त्यापेक्षा जास्त पाठवल्याने बळ वाढत नाही. निवडलेल्या पानांवर तारखा दिसू द्या आणि लग्नाच्या फोटोंत नुसते दोघेच नकोत, दोन्हीकडची माणसं असू द्या, खाली नावं आणि नातं.

अर्ज मागे घेणं कधी योग्य? मुख्यतः एका परिस्थितीत: मार्गच चुकीचा निवडला गेला असेल. बायको कॅनडात तुमच्यासोबत राहत नसताना ‘इनलँड’ टाकला, तर तो आपोआप आउटलँडमध्ये बदलून मिळत नाही, मागे घेऊन नवा करावा लागतो. प्रक्रिया सुरू झाली नसेल तर फी परत मिळते. आरपीआरएफ, म्हणजे पीआरच्या हक्काची फी, तर पीआर होण्याआधी कधीही परत मिळतो. पण चुकीचं उत्तर लपवण्यासाठी मागे घेण्याचा उपयोग नाही. जुना अर्ज जीसीएमएसमध्ये राहतोच, नव्या अर्जात वेगळं उत्तर आलं की दोन्ही शेजारी दिसतात, आणि तुम्ही रांगेत पुन्हा शेवटी.

अर्ज अपूर्ण म्हणून आयआरसीसीने आपणहून परत पाठवला असेल तर गोष्ट उलटी, ती संधी समजा. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने अर्ज पोचलाच नव्हता. सगळं नीट करा, पण जुने फॉर्म तसेच चढवू नका: फॉर्मच्या कोपऱ्यातली आवृत्तीची तारीख बघा, फी बदलली का बघा, पीसीसीचे सहा महिने उलटले का बघा, १३४४ वर ‘व्हॅलिडेट’ बटण दाबून दोघांच्या सह्या घ्या. पोर्टलवर शेवटी नाव टाइप करून सही असते ती बायकोने करायची, पासपोर्टवर आहे तसंच नाव. एजंटने किंवा नवऱ्याने तिच्या वतीने नव्हे.

पत्र पाठवल्यावर महिना-दोन महिने काही हालचाल दिसली नाही म्हणून पुन्हा तेच पत्र पाठवू नका. फाइलमध्ये काय चाललंय हे पाहायचं असेल तर जीसीएमएस नोट्स मागवा. अर्ज पाच डॉलरचा, कॅनडात असलेला नवरा करू शकतो, बायकोच्या सहीचं संमतीपत्र, आयएमएम ५७४४, जोडून. नोट्समध्ये तुमचं पत्र नोंदलं गेलं का आणि अधिकाऱ्याला कशाची शंका आहे हे दिसतं. खासदाराच्या कार्यालयाला फोन करून स्थिती कळते, दुरुस्ती होत नाही.

समजा पत्र पोचण्याआधीच प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं. त्यात उत्तराची मुदत दिलेली असते, बऱ्याचदा तीस दिवस किंवा कमी. ती पाळा, किंवा उलटण्याआधी लेखी मुदतवाढ मागा. पत्रात अधिकाऱ्याने मांडलेल्या प्रत्येक शंकेला त्याच क्रमाने उत्तर द्या, पुराव्यासह. ‘आमचं एकमेकांवर प्रेम आहे’ हे पाच वेळा लिहिण्याऐवजी एक बँक स्टेटमेंट, एक तिकीट. कलम ४० चा उल्लेख असेल तर हे काम वकिलाकडे द्यायचे पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा.

नकार आलाच तर आउटलँड आणि इनलँडमधला फरक इथे जाणवतो. आउटलँडमध्ये प्रायोजकाला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे तीस दिवसांत अपील करता येतं, नवीन पुरावा देता येतो, आणि चुकीच्या माहितीच्या कारणाने नकार आला तरी जोडीदाराच्या प्रकरणात हा हक्क जात नाही. इतर नातेवाइकांच्या बाबतीत बहुधा जातो. इनलँडला हा रस्ता नाही, फेडरल कोर्टात न्यायिक पुनर्विलोकन, तेही निर्णय कॅनडातला असेल तर पंधरा दिवसांत. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांनी प्रांताची वेगळी प्रक्रिया आहे हे लक्षात ठेवून यातलं सगळंच जसंच्या तसं लावू नये.

राहिली अर्जानंतर घडणाऱ्या गोष्टींची बाब. पत्ता बदलला, नोकरी बदलली, बायको गरोदर राहिली, मूल झालं, हे कळवणं तितकंच बंधनकारक आहे. बाळंतपणाचं विशेष: जन्मलेलं मूल, सोबत येणार असो वा नसो, लँडिंगच्या आधी जाहीर झालंच पाहिजे, नाहीतर पुढे त्याच्याच बाबतीत वर सांगितलेला ११७(९)(डी) लागतो. महापालिकेकडून नावासहित जन्मदाखला घ्या, नाव न टाकलेला नको, आणि दाखला हातात येण्याची वाट न पाहता जन्माची खबर वेबफॉर्मने द्या. बाप त्या आधीच कॅनडात नागरिक झाला असेल तर मूल जन्मतः नागरिक असतं. त्याला पीआर लागत नाही, पण फॉर्ममध्ये त्याचं नाव लागतंच.

शेवटच्या टप्प्यात पीआर कन्फर्मेशन पोर्टलवर तपशील दिसतील. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, लिंग, पासपोर्ट क्रमांक अक्षर-अक्षर ताडा, आणि चूक दिसली तर ‘होय, बरोबर आहे’ दाबण्याआधी तिथेच कळवा. एकदा ईसीओपीआर, म्हणजे पीआर झाल्याचा इलेक्ट्रॉनिक दाखला, निघाला की नावातली चूक काढायला वेगळा अर्ज करावा लागतो, तोही आयआरसीसीने केलेल्या चुकीसाठी. तुम्हीच फॉर्ममध्ये चुकीचं लिहिलं असेल तर त्या अर्जाने ते बदलून मिळेलच असं नाही.